अठरा गुंठे

टिळकवाडीत, दुसऱ्या गेटाजवळ,
झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली गेट पडलं की हॉर्न तुंबतात,
वर मी खोकी जुळवत बसते :
कारखान्याच्या स्कीमातलं कुठलं खोकं
आमच्या क्लासातल्या कुठल्या खोक्यात बसेल.

नाव : स्ट्रिंग.
सर्व्हे नंबर : तोही स्ट्रिंगच,
कारण त्याचे हिस्से पडलेत,
सत्तेचाळीस बटे दोन अ बटे एक,
आकड्यात मावेल असं काही उरलेलं नाही.
लागणीची तारीख : तारीख.
क्षेत्र : डेसिमल. आमच्या बाजूला त्याचं डबल केलं
आणि पुढं सरकले.
तिथं थांबायला हवं होतं.

थांबलो आम्ही भलत्याच जागी.
कन्नड उताऱ्यावर बिन म्हणजे अमक्याचा मुलगा,
कोम म्हणजे अमक्याची बायको.
हे मला शिवलीलानं सांगितलं.
ती मला जोडाक्षरं वाचून दाखवते,
मी तिला खानापुरी शिव्या शिकवते, हिशेब चुकता.
कोमचं आम्ही पती केलं, किमान एकदा, कमाल एकदा.
मग ती म्हणाली, "सगळ्याच कुठं कोम असतात?"
अर्धा दिवस वाद घातला
आणि किमानचा एक पुसून शून्य लिहिलं.
त्या शून्याचा आम्हाला फार अभिमान वाटला.
चहा मागवला.

पंधरवड्यानं फोन आला.
द्रौपदा कोम लुमाणा घाडी, नंदगडच्या पुढून.
"बाई, माझं शेत आटलं काय गे?
यक एकर वीस होतं, पावतीवर यक एकर दोन आलंय.
भावकीनं बांध कोरला म्हणावं
तर भावकी सगळी पुण्याला.
नदीनं नेलं म्हणावं
तर नदी खालच्या अंगाला.
खरं शेत गेलं कुठं?"

मी माग काढत गेले.
उताऱ्यावर १-२०.
तारेवरून येताना १.२०.
माझ्या ऑब्जेक्टमध्ये शिरताना, उंबऱ्यावरच,
१.२.
डबल केलं, आणि रान कमी झालं.

गणिताचे सर सांगायचे,
टिंबानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नाही,
बिनधास्त खोडा.
मी खोडत आले. मार्कही मिळाले.
सरांच्या घरचं रान किती होतं कोण जाणे.

रात्री बसून नवा टाइप लिहिला.
एकर. गुंठे, शून्य ते एकोणचाळीस.
आणे, शून्य ते पंधरा.
दहाचा इथं कुणाशी संबंधच नाही,
टिंब घालायचं सुचलं कुणाला?
मला.
तिकडं चंदगडात मावशीचं तेवढंच रान
सातबाऱ्यावर ०.६०.७० असतं,
हेक्टर, आर, आणि दोन दोन टिंबं.
तिच्या बांधावर उभं राहिलं
तर आमच्या बाजूचा ऊस दिसतो.
उसाला दोन्हीकडं सारखीच कुसळं.

शिवलीला म्हणाली, "स्ट्रिंग ठेव ना सरळ,
लिहिलंय तसं. बेरीज नको करूस."
खरं बेरीज लागतेच.
तोड बेरजेवर येते, गाडी बेरजेवर येते.

सकाळी फोन लावला.
"मावशी, तुमचे अठरा गुंठे सापडले."
"कुठं होते गे?"
सांगायचं काय? म्हटलं,
"टिंबाच्या मागं, एका शून्याखाली."
ती जराशी गप्प.
"तितं? मी तर रोज तितंच भांगलत होते."

मग यादी काढली.
ज्यांच्या गुंठ्यांच्या शेवटी शून्य
असे तीनशे अकरा जण.
दोन-दहाचे नऊ गेलेत,
तीन-तीसवाल्यांचे सत्तावीस.

बाकी कुणाचा फोन आलेला नाही.
खाली गेट पडलंय.
मी पहिला नंबर फिरवते.